पान पुरं होऊ दे

परवा ओट्यावर बसून तू विचारलंस, "बाई, माझी पोरगी वर्गात धडाधड वाचते, पण घरी गोष्टीचं पुस्तक हातात धरत नाही. काय करावं?" मी उत्तर देणार तेवढ्यात तू तिलाच हाक मारलीस. ती पायरीवर बसली होती. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलगडून, गुडघ्यावर सपाट करून वाचत होती. तुझी हाक ऐकून तिनं कागदाचा बोळा केला आणि तांब्या भरायला उठली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या बोळ्यातच होतं.

माझ्या हाताखाली शिकलीस म्हणून हक्कानं सांगते. पुस्तक घेऊन बसलेली पोरगी आपल्याला रिकामी दिसते. पोरगा मोबाइल घेऊन बसला तर त्याला कुणी हलवत नाही, पोरीला मात्र धाकट्याला घे, दळण आण, कपडे वाळलेत का बघ. गोष्टीत जीव रंगायला आला की हाक. असं दहा वेळा झालं की लेकरू मनाशी धरतं, आपल्याला काही पुरं वाचता येत नाही, मग सुरूच कशाला करायचं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की हाक मारायच्या आधी तिच्या हाताकडं बघ. पुस्तक असेल तर पान पुरं होऊ दे. दळण कुठं पळून जात नाही. रोज अर्धा तास तिचा म्हणून ठरव, दिवेलागणीच्या आधीचा, आणि घरातल्या सगळ्यांना तो सांगून ठेव.

हे दुखणं जुनं आहे. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. नवरा शिकवायला बसला, पण त्या शिकण्यापायी जाच त्यांना झाला तो घरातल्या बायकांचा. १९१० साली छापलेल्या आठवणींत त्यांनी ते सगळं लिहून ठेवलंय. मुद्दाम वाच. बायकाच बाईच्या वाचण्याआड येतात हे वाचून मला फार लागलं होतं, कारण मीही एकदा तेच केलं.

नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही. एका पोरीनं भूगोलाच्या पुस्तकात गोष्टीचं पुस्तक लपवलं होतं. मी ते काढून घेतलं आणि खणात टाकलं. वाटलं, सुटी झाली की मागायला येईल. आली नाही. पुढं कापूस फुटला, ती आईबरोबर वेचणीला जायला लागली, दोन वर्षांत तिचं लग्न झालं. ते पुस्तक अजून माझ्याकडं आहे. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला आहे, तिनं दुमडलेला. मी तो सरळ केला नाही.

आता श्रावण लागेल. तुझ्या सासूबाईंना अक्षर येत नाही, पण शिवलीलामृताचा अकरावा अध्याय त्यांना ऐकून ऐकून पाठ आहे. यंदा पोथी वाचायला दुसऱ्या कुणाला बोलावू नकोस. पोरीला बसव. ती जोडाक्षराला अडखळेल, आजी डोळे मिटून पुढचा शब्द सांगेल, पोरगी बोट सरकवत ओळ पुरी करेल. मी हे एका घरात पाहिलंय. पहिल्या सोमवारी तासभर लागला, शेवटच्या सोमवारी पोरगी आजीच्या पुढं पळत होती. आपलं वाचणं कुणाला तरी हवंय हे लेकराला एकदा कळलं की ते आपणहून अक्षराकडं जातं. पोथी झाली की पेपरातला मोसंबीचा भाव, औषधाच्या पाकिटावरचं, सगळं तिच्याकडून वाचून घे. मात्र वाचायची एक गोष्ट तिची एकटीची राहू दे. ती दुसऱ्या कुणासाठी नाही.

समर्थ रामदासांचं जांब आपल्याच तालुक्यातलं. तिथं जाता तेव्हा पोरीला वेणाबाईंची गोष्ट सांगत जा. लहानपणी विधवा झालेली ही मुलगी एकनाथांचं भागवत वाचत बसली होती, समर्थ भिक्षेला दाराशी आले आणि तिथंच गाठ पडली, असं सांगतात. पुढं त्याच वेणाबाईंनी 'सीतास्वयंवर' लिहिलं. आपल्या पोरींना समर्थांची लहानपणची गोष्ट तोंडपाठ असते, त्यांच्या या वाचणाऱ्या शिष्येची नसते.

गोष्ट वाचून झाली की तात्पर्य विचारू नकोस. ते आम्ही शाळेत विचारतो, तेवढं पुरे आहे. भाकरी थापता थापता एवढंच विचार, "मग पुढं काय झालं?" आणि ती सांगेल ते खरंच ऐक. हुंकार देता देता तव्याकडं लक्ष गेलं तर पोरींना लगेच कळतं.

पुस्तक अवघड आहे का हे बघायची एक सोपी खूण आहे. एक पान वाचताना न कळलेल्या प्रत्येक शब्दाला तिनं एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली तर ते पुस्तक पुढच्या वर्षी. तिच्या वयाला माधुरी पुरंदऱ्यांची 'राधाचं घर'ची पुस्तकं चांगली. राधाच्या घरात आई, बाबा, आजी, आजोबा आहेत, आपल्या घरात असतात तसे, आणि गोष्टीच्या मधोमध एक मुलगी आहे. आमच्या वेळच्या धाडसी गोष्टींत पोरगेच फार असायचे. 'तोत्तोचान' तू स्वतः रात्री एकेक प्रकरण वाचून दाखव, प्रकरणं लहान आहेत. पहिलीतच शाळेतून काढलेली जपानी मुलगी आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत जाते, हे ऐकून कोणतं लेकरू झोपेल? पैशाची अडचण असेल तर 'किशोर' आहे. बालभारतीनं १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. मोबाइल घरात आहेच, पण तो तू हातात धर आणि दोघी मिळून वाचा.

पुस्तक कपाटात ठेवू नकोस. शाळांतली कपाटं मी पाहिली आहेत, पुस्तकं नवीकोरी आणि कुलपाला गंज. पिठाचं बोट लागू दे, चहाचा डाग पडू दे, धाकट्यानं एखादं पान फाडलं तर कणकेची खळ करून दोघींनी चिकटवा.

रविवारी तिला घेऊन ये. पुस्तकांची पेटी ओसरीवर उघडून ठेवते. तिला हवं ते तिनंच उचलू दे, अगदी चित्रांचं उचललं तरी, आणि तू तोवर माझ्याजवळ बसून चहा घे.