चवीपुरते मीठ म्हणजे किती?

पाककृतीचे कोणतेही पुस्तक उघडा. हळद अर्धा चमचा, तिखट एक चमचा, गूळ सुपारीएवढा असे लिहिलेले आढळेल. मिठापाशी आले की मात्र मोजमाप थांबते आणि 'चवीपुरते मीठ' एवढेच लिहिलेले असते. ज्या पदार्थाची रोजची मर्यादा वैद्यकशास्त्राने ग्रॅममध्ये सांगितली आहे, नेमका तोच आपण जिभेच्या हवाली करतो. जीभ हे खात्रीचे माप आहे का?

विद्यार्थीमित्रांनो, हा प्रश्न तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. काही वर्षांत तुमच्यापैकी अनेक जण महाविद्यालयात जातील. कोणी वसतिगृहात राहील, कोणी खानावळीत जेवेल. काय खायचे हे आतापर्यंत घरातील माणसे ठरवत होती; ते तुम्ही स्वतः ठरवू लागाल. याच वयात पडलेल्या सवयी पुढे बरीच वर्षे टिकतात.

मीठ शरीराला हवेच

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियमचा अणुभार २३ आणि क्लोरीनचा ३५.५. म्हणजे ५८.५ ग्रॅम मिठात २३ ग्रॅम सोडियम असते. शेकडा सुमारे ३९. म्हणून सोडियमच्या वजनाला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते. हा गुणाकार लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मज्जातंतूंतून संदेश जाणे, स्नायूंचे आकुंचन होणे आणि शरीरातील पाण्याचा समतोल राखणे या कामांसाठी सोडियम लागते. म्हणून मूत्रपिंडे ते फार जपून वापरतात. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असते! त्यातील बहुतेक सगळे मूत्रपिंडे रक्तात परत घेतात आणि नको असलेले थोडे मूत्रावाटे बाहेर टाकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सोडियम २ ग्रॅमपेक्षा कमी. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. यात दिवसभरातील सर्व पदार्थांतील मीठ आले. भारतात झालेल्या निरनिराळ्या पाहण्यांत मात्र प्रौढांचे सरासरी सेवन दिवसाला सुमारे ८ ते ११ ग्रॅम आढळले आहे.

जास्त झाले तर काय होते?

खारट काही खाल्ले की तहान लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. रक्तातील सोडियम वाढले की परासरणामुळे पेशींतील पाणी बाहेर खेचले जाते, मेंदूला सूचना मिळते आणि आपण पाणी पितो. शरीरातील द्रवाशी जुळणाऱ्या सलाइनमध्ये दर लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. यावरून अंदाज करता येईल की, शरीरात ९ ग्रॅम जादा मीठ राहिले तर त्याबरोबर सुमारे एक लिटर पाणीही अडकून राहते. त्यामुळे रक्ताचे आकारमान वाढते आणि रोहिण्यांच्या भिंतींवरील दाबही वाढू शकतो.

निरोगी मूत्रपिंडे हे जादा मीठ बाहेर टाकतात. म्हणून एक दिवस खारट खाल्ल्याने मोठे बिघडत नाही. पण रोजच तसे होत राहिले, तर बऱ्याच जणांचा रक्तदाब वर्षानुवर्षे हळूहळू चढत जातो. सर्वांवर हा परिणाम सारखा होत नाही, आणि वजन, आनुवंशिकता, व्यायाम यांचाही रक्तदाबाशी संबंध असतो. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही की खुपत नाही. तो कळतो तो मोजल्यावर, नाहीतर पक्षाघात किंवा हृदयविकार झाल्यावर.

याला पुरावा काय?

मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध तपासण्यासाठी 'इंटरसॉल्ट' नावाची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. तीत ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या १०,०७९ स्त्री-पुरुषांची तपासणी केली होती. ब्राझीलच्या जंगलात राहणाऱ्या, जवळजवळ मीठ न खाणाऱ्या यानोमामी लोकांचा रक्तदाब कमी होता आणि वयाबरोबर तो फारसा वाढतही नव्हता.

येथे एक शंका घेतली पाहिजे. यानोमामी लोकांचे सारे जीवनच वेगळे. मग श्रेय एकट्या मिठाला कसे द्यावे? अशा वेळी प्रयोग करावा लागतो. अमेरिकेत ४१२ प्रौढांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला सोडियमचे जास्त, मध्यम आणि कमी प्रमाण असलेले जेवण तीस-तीस दिवस दिले. सोडियम कमी केले तसा सरासरी रक्तदाबही उतरला. पाहणीने संबंध दाखवला, प्रयोगाने कारण दाखवले.

न दिसणारे मीठ

'तू मीठ जास्त खातोस का?' असे कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. 'छे, मी वरून मीठ घेतच नाही,' असे उत्तर बहुधा मिळेल. पानात डोळ्यांना दिसते तेवढेच मीठ, अशी आपली समजूत असते. पण भाजी, आमटी, कणीक यांत मीठ आधीच पडलेले असते. लोणचे आणि पापड तर मिठावरच टिकतात. फरसाण, वेफर्स, सॉस, झटपट नूडल्स यांत भरपूर मीठ असते. पाव जिभेला खारट लागत नाही, तरी त्यात मीठ असतेच. खाण्याचा सोडा आणि पापडखार ही सोडियमचीच संयुगे आहेत. सैंधव आणि काळे मीठ 'वेगळे' म्हणून लोक निर्धास्तपणे खातात. पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

पाकिटावरील पोषण-माहितीच्या तक्त्यात सोडियमचा आकडा असतो. समजा, १०० ग्रॅमला १,००० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पाकीट ७० ग्रॅमचे आहे. म्हणजे पाकिटात ७०० मिलिग्रॅम सोडियम झाले. अडीचने गुणा: १,७५० मिलिग्रॅम, म्हणजे पावणेदोन ग्रॅम मीठ. दिवसाच्या मर्यादेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एका पाकिटात संपला!

माहीत असणे आणि तसे वागणे

विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या मीठ खाण्याच्या सवयींविषयी निरनिराळ्या देशांत पाहण्या झाल्या आहेत. त्यांतून एक गोष्ट वारंवार दिसते. जास्त मीठ वाईट, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण 'जास्त' म्हणजे किती ग्रॅम, मीठ आणि सोडियम यांत फरक काय, हे थोड्यांनाच सांगता येते. वेष्टनावरील आकडा वाचणारे त्याहून कमी. आकडा माहीत नसेल तर 'मी कमीच खातो' हे म्हणणे तपासणार कसे?

म्हणूनच शास्त्रज्ञ केवळ उत्तरांवर विसंबत नाहीत. आपण खाल्लेल्या सोडियमपैकी शेकडा सुमारे ९० भाग मूत्रावाटे बाहेर पडतो. चोवीस तासांचे मूत्र जमवून त्यातील सोडियम मोजले, की खरे उत्तर मिळते. इंटरसॉल्टमध्ये असेच केले होते.

जीभ शिकते

मीठ कमी केले तर जेवण अळणी लागेल, ही भीती खरी आहे, पण थोड्या काळापुरतीच. अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण स्वयंसेवकांनी पाच महिने कमी सोडियमचा आहार घेतला. त्यानंतर त्यांना पूर्वीपेक्षा कमी मिठाचे पदार्थ आवडू लागले. म्हणजे 'चवीपुरते' हे माप कायमचे नाही. ते सवयीने वाढते आणि सवयीनेच कमीही होते. म्हणून मीठ एकदम न तोडता हळूहळू कमी करावे. लिंबू, कोकम, आले, लसूण, कोथिंबीर यांनी चव राखता येते. घरात मात्र आयोडीनयुक्त मीठच वापरावे. गलगंड टाळण्यासाठी आयोडीन लागतेच. घरात कोणाला आजारपणामुळे विशेष आहार सांगितला असेल, तर त्यात डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बदल करू नये.

करून पाहा

१. मिठाचा एक किलोचा पुडा उघडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा आणि तो संपेल त्या दिवशी दिवस मोजा. चार माणसांत तो २५ दिवसांत संपला, तर १,००० भागिले १००, म्हणजे माणशी रोज १० ग्रॅम. माणशी ५ ग्रॅम या हिशेबाने तो ५० दिवस पुरला पाहिजे. पाहुणे, लोणच्याची बरणी, भाज्या धुण्यासाठी वापरलेले मीठ यांची नोंद वेगळी ठेवा. बाहेरचे खाणे या हिशेबात येत नाही, हेही विसरू नका.

२. वर्गातील प्रत्येकाने दोन मोठ्या माणसांना तीन प्रश्न विचारावेत: दिवसाला किती मीठ खावे? पावात मीठ असते का? तुम्ही मीठ जास्त खाता, बेताचे की कमी? उत्तरे नावाशिवाय लिहून घ्या आणि तक्ता करा. ज्या घरांत पुड्याचा प्रयोग झाला असेल, तेथील तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे प्रयोगातून मिळालेल्या आकड्यांशी ताडून पाहा.

३. जवळच्या वसतिगृहाच्या खानावळीत महिन्याला किती मीठ लागते, ते परवानगी घेऊन विचारा. साठ विद्यार्थी, तीस दिवस आणि १८ किलो मीठ असेल, तर माणशी रोज किती ग्रॅम पडले? टपरीवरचा वडापाव आणि खोलीवरचे नूडल्स यांचे मीठ त्यात आले का?

शिक्षकांनी हे तक्ते वर्गात लावावेत. पुढच्या पुड्यावर पुन्हा तारीख लिहावी. तो पहिल्यापेक्षा चार दिवस जास्त पुरला, तरी घरातील जिभा शिकू लागल्या असे समजायला हरकत नाही.