केंद्राची किल्ली हाती घेताना

पोरी, गावातलं कला आणि वारसा केंद्र तू हाती घेतलंस, आत्याला फार बरं वाटलं. अनुदान येईल, जाईल. केंद्र आपलं आहे असं गावाला वाटलं पाहिजे. त्यासाठी या लहानसहान सवयी लावून घे.

१. कुणी जुनी वस्तू आणली की चहाआधी वही उघड. नाव, तारीख, कायमची दिली की सांभाळायला दिली, आणि खाली सही — कुलूप चोराला अडवतं, नोंद भावकीला.

२. तिफण आली तर आणणाऱ्याकडून ती कशी चालवायची तेही विचारून लिहून घे — चाड्यावरची मूठ कशी सोडायची, हे तिफण स्वतः सांगत नाही.

३. कार्यक्रमाची तारीख धरण्याआधी शिवारात चक्कर मार. सोयाबीन सोंगणीला आलं असेल तर थांब — आधी सुडी, मग सनई.

४. १२ जानेवारीला आपलं काही ठेवू नकोस. जिजाऊंच्या जन्मोत्सवाला पोरांना घेऊन सिंदखेड राजाला जा — तिथे पोवाडा ऐकलेलं पोर पुढे आपल्याकडे डफ मागायला येतं.

५. भुलाबाईची गाणी कोजागरीपर्यंतच्या दिवसांतच शिकव, अंगणात, झाकलेली खिरापत ओळखायला लावून — पोरी खिरापतीसाठी येतात नि गाण्यासाठी राहतात.

६. आज्यांच्या ओव्या आजच मोबाइलवर घे. आधी त्यांना विचार, पंखा बंद कर, आणि दोन ठिकाणी जपून ठेव. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची कविता जी. एन. जोशींच्या तबकडीनं घरोघर पोचली — जात्यावरच्या आजीची तबकडी कुणी काढली नाही, ते काम आता तुझं.

७. नांगराला कोरीव दगड लागला तर हलवू देऊ नकोस, शेंदूरही फासू देऊ नकोस. फोटो काढ नि तहसीलला कळव. २०२४ मध्ये सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्यानं हळूहळू खोदलं, तेव्हा आधी देवळाचा सभामंडप उघडा पडला, मग खोलात शेषशायी विष्णू सापडला — दगड केव्हाचा हे भोवतालची माती सांगते, घाईनं उपसला की साक्षीदारच गेला.

८. पोथ्या नि कागद भिंतीला टेकवू नकोस, जमिनीवर तर नाहीच. पंधरा दिवसांनी कपाटाच्या मागून हात फिरव — वाळवी कधी दर्शनी बाजूनं येत नाही.

९. भारूडवाल्याला आधी जेवू घाल आणि मानधन त्याच रात्री हातात दे — तो दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो, आणि गावोगाव तोच तुझं नाव नेतो.

१०. किल्ल्या दोन ठेव, दोन वेगळ्या आळ्यांत — एकाच घरच्या खुंटीला किल्ली राहिली की केंद्र त्या घराचं होतं, गावाचं राहत नाही.