वाकडं आहे, वाकडंच ठेवा

१९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या स्टॉर्मट्रूपरचं चिलखत लंडनजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये उभं आहे. ते पाहून नवी हौशी मंडळी जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

१. आधी चित्रपट ठरवा, मगच किट मागवा. दिसायला सगळे ट्रूपर सारखे, पण चित्रपटागणिक तपशील बदलतात. पहिल्याच चित्रपटात हेल्मेटचे दोन प्रकार आहेत : गर्दीतल्या सैनिकांचं 'स्टंट' आणि ल्यूक-हान यांचं 'हीरो'. स्टंटच्या तोंडात आठ दात कापलेले, हीरोच्या सहा. १९९७ पासून चालत आलेली ५०१ लीजन ही हौशी लोकांची संघटना प्रवेश देताना असल्याच गोष्टी तपासते.

२. सुधारणा करू नका. हे सगळ्यात अवघड, निदान आपल्यातल्या इंजिनिअर लोकांना तरी. मूळ चिलखत १९७६ मध्ये ट्विकनहॅमला तयार झालं. एबीएस प्लास्टिकचे पत्रे तापवायचे आणि हवा खेचून साच्यावर बसवायचे, असं ते काम. हेल्मेट अगदी समोरून पाहा. डावी-उजवी बाजू जुळत नाही, गालांवरच्या रेघा हातानं रंगवलेल्या. फाइल घेऊन दोन्ही बाजू सारख्या करायला हात शिवशिवतात, पण सारखं केलेलं हेल्मेट जाणकाराला लांबूनच खोटं वाटतं. हे हेल्मेट कायद्याच्या दृष्टीनं शिल्प नव्हे, असा निकाल २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला. नसेल शिल्प, पण त्याचा वाकडेपणा मात्र नेमका हवा.

३. कापताना कंजूषपणा करा. आरी नको. कटरनं दोन-तीनदा हलकी रेघ ओढा आणि पत्रा मागे-पुढे वाकवा. 'कट्' आवाज होऊन जादा तुकडा सुटतो. भाग टेपनं अंगावर बांधून पाहा, मग पुन्हा थोडं कापा. चित्रपटातले सैनिक सडपातळ होते. आपलं पोट आडवं आलं तर कडेला पट्टी जोडून भाग रुंद करता येतो. उरलेले तुकडे जपून ठेवा. अॅसिटोनमध्ये विरघळवले की भेगा बुजवायला त्याच प्लास्टिकची लांबी तयार.

४. हातापायांचे दोन भाग एकमेकांवर चढवायचे नाहीत. कडेला कड भिडवायची आणि वरून पट्टी चिकटवायची : हातांवर साधारण १५ मिमी, पायांवर पुढून २०, मागून २५. सुपरग्लूच्या नादी लागू नका. ई-६००० गोंद सुकायला दिवस-दोन दिवस घेतो, इथल्या थंडीत जास्तच. पण पट्टी तिरकी बसली तर सोलून काढता येते. सुकेपर्यंत आतून-बाहेरून लोहचुंबक लावून ठेवा. आणि खिडक्या उघडा, हा वास चांगला नव्हे.

५. उन्हात बंद गाडीत चिलखत ठेवू नका. एबीएस वाकतं.

६. हे एकट्यानं घालता येत नाही. माझे पाठीमागचे पट्टे मुलगी लावते. "बाबा, पोट आत घे" हे प्रत्येक वेळी ऐकावं लागतं. एकदा पट्टे आवळले की खुर्चीत बसायचं विसरा. टोकदार पत्रा डाव्या गुडघ्यावर येतो, उजव्या नव्हे. घाईत तिथेच गोंधळ होतो. आणि पहिला पट्टा आवळण्याआधी बाथरूमला जाऊन या.