रक्षकाने स्वतःची नोंद ठेवावी

खासगी सुरक्षा कंपनीतला रक्षक नोकरी एकाची करतो आणि उभा दुसऱ्याच्या दारात राहतो. पगार कंपनी देते. हुकूम मात्र ग्राहकाचा मॅनेजर, सुपरवायझर आणि कंपनीचा फील्ड ऑफिसर असे तिघे सोडतात. कंपनी जितकी मोठी, तितके तिचे ऑफिस गेटपासून लांब. तिथे बसलेल्यांना रक्षक दिसतो तो मस्टरवरच्या एका ओळीत. म्हणून त्याने काय काम केले यापेक्षा त्याची नोंद काय झाली, यावर त्याचा पगार आणि अब्रू ठरते.

2005च्या खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायद्याप्रमाणे कंपनीकडे राज्याचा परवाना असावा लागतो. रक्षक 18 ते 65 वयाचा आणि चारित्र्य पडताळणी झालेला हवा. प्रशिक्षण वर्गात 100 तास आणि प्रत्यक्ष 60 तास, तेही किमान 20 कामाच्या दिवसांत. माजी सैनिक व पोलिसांना कमी. प्रस्तुत लेखकाला चाकणच्या एका साइटवर दोन दिवस सलाम आणि परेड शिकवून, पूर्ण प्रशिक्षणाच्या कागदावर सही घेऊन, तिसऱ्या रात्री पोस्टवर उभे केले गेले. गणवेश आणि बुटांचे पैसे पहिल्याच पगारातून गेले. असल्या कपाती रुजू होतानाच विचाराव्यात आणि नेमणूकपत्राची प्रत हातात पडल्याशिवाय कुठेही सही करू नये.

बऱ्याच साइटवर पाळी बारा तासांची असते. रिलीव्हर आला नाही तर पोस्ट सोडता येत नाही; डबल ड्यूटी गळ्यात पडते. ठरलेल्या तासांपुढच्या कामाला कायद्याने दुप्पट दर आहे, पण मस्टरवर कधी कधी एकच हजेरी लागते. खिशातल्या वहीत तारीख, चार्ज घेतल्याची व दिल्याची वेळ लिहावी आणि तेच फील्ड ऑफिसरला मेसेजने कळवावे. महिनाअखेरीला हीच वही उपयोगी पडते.

सर्वांत धोक्याचा क्षण चार्ज घेण्याचा. रात्री आठला थकलेला सोबती रजिस्टरात ‘सर्व ठीक’ लिहून निघतो आणि नवा माणूस खाली सही करतो. लेखकाने तीन नंबरच्या गोदामाचे सील न पाहता अशीच सही केली. पहाटे चारच्या फेरीत टॉर्चच्या उजेडात दिसले, की सीलची तार तुटलेली आहे आणि कुलपाला नुसती गुंडाळून ठेवली आहे. आत तांब्याच्या वायरची चार बंडले कमी निघाली. माल बहुधा दिवसाच गेला होता. पण सही रात्रीच्या माणसाची होती. कंपनीने ग्राहकाला भरपाई दिली आणि ती पाच हप्त्यांत लेखकाच्या पगारातून वळती केली. सीलचे नंबर आणि किल्ल्या मोजून रजिस्टरात लिहाव्यात. काही वेगळे दिसले तर आधी शेरा आणि सुपरवायझरला फोन, मगच सही.

पगारपत्रकात भविष्यनिर्वाह निधी आणि, वेतन मर्यादेत असल्यास, कामगार राज्य विमा यांची कपात दिसते. निधीला रक्षकाचे 12 टक्के जातात, विम्याला 0.75 टक्के. निधीची कापलेली रक्कम खात्यात जमा झाली का, हे मोबाइलवरच्या पासबुकात दर महिन्याला पाहावे. साइटचा ठेका बदलला की रक्षक त्याच गेटवर राहतो, कंपनी मात्र नवी येते. तेव्हा निधीचा खाते क्रमांक (यूएएन) जुनाच द्यावा. नाहीतर पैसे दोन खात्यांत विखुरतात. सलग सेवेची मोजणीही तुटते, म्हणून जुन्या कंपनीचे सेवापत्र लगेच मागून घ्यावे.

पगार थकला तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ग्राहकावर, येते. महाराष्ट्रात 1981च्या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळेही आहेत. तिथे नोंदलेल्या रक्षकाचे वेतन मालक मंडळाकडे भरतो आणि मंडळ ते रक्षकाला देते. अर्ज कुठेही करायचा असला, तरी सोबत नेमणूकपत्र, पगारपत्रके आणि खिशातली वही जोडावी लागते.