मुलांना विचारलं तर ती सुट्टीच मागतील का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत यंदापासून दर शनिवारी वर्गसभा घेतात. गृहपाठ, वेळापत्रक, सहल, सगळ्यावर मुलं मतं देतात. अशानं मुलं उद्या सुट्टीच मागतील. शिवाय, शिक्षणातलं मुलांना काय कळतं? – एक पालक

उत्तर : तुमच्या प्रश्नात खरं तर दोन शंका आहेत. मुलांना कळत नाही, ही एक. आणि त्यांच्या हाती कारभार गेला तर शाळेचा बोजवारा उडेल, ही दुसरी. दुसरी आधी घेऊ, कारण इंग्लंडमधली एक शाळा याचा अनुभव शंभर वर्षं घेते आहे.

ए. एस. नील या स्कॉटिश शिक्षकानं 1921 मध्ये सुरू केलेली समरहिल ही निवासी शाळा 1927 पासून सफक परगण्यातल्या लीस्टन गावी आहे. तिथं तासाला बसायचं की नाही, हेसुद्धा मूल स्वतः ठरवतं. शाळेच्या सभेत सहा-सात वर्षांच्या पोराचं मत आणि मोठ्यांचं मत सारखंच मोजतात. अशा शाळेत एकही नियम उरणार नाही, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात सभेनं केलेल्या नियमांची यादी दोनशेच्याही पुढे गेली. झोपण्याच्या वेळा सभा ठरवते आणि त्या पाळल्या जातात की नाही, हे बघायला मुलांमधूनच माणसं निवडते. याचं कारण सरळ आहे. रात्री कुणी दंगा केला तर झोपमोड मुलांचीच होते. मग नियमही त्यांनाच हवासा वाटतो. अर्थात, शिक्षकांची नेमणूक किंवा कायद्यानं बंधनकारक असलेली सुरक्षा या गोष्टी सभेच्या मतावर सोडलेल्या नाहीत.

1999 मध्ये सरकारी तपासणीनंतर, तासांची सक्ती नाही म्हणून, ही शाळा बंद पडायची वेळ आली. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं. मार्च 2000 मध्ये लंडनला सुनावणी चालू असतानाच सरकारनं तडजोड पुढे केली. तेव्हा मुलांनी रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसच्या दालनातच आपली सभा भरवली, चर्चा केली आणि ती तडजोड मान्य केली. सभेत बसायची सवय असलेली मुलं प्रसंगी किती जबाबदारीनं वागतात, याचं मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

तुमच्या मुलीची शाळा समरहिल होणार नाही, आणि तसं कुणी म्हणतही नाही. मत ऐकणं आणि मागितलं ते देऊन टाकणं, यांत आपण नेहमी गल्लत करतो. संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये बालहक्कांचा करार मंजूर केला. भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला. त्याचं बारावं कलम सांगतं, की मुलाशी संबंधित बाबींत त्याला मत मांडता यावं आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावं. म्हणजे अंतिम शब्द मोठ्यांचा असू शकतो. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमातही मूल भयमुक्त असावं आणि त्याला मोकळेपणानं मत मांडता यावं, ही अपेक्षा आहे. तेव्हा वर्गसभा हे कुणा हौशी मुख्याध्यापकांचं खूळ नाही.

आता पहिली शंका. अभ्यासक्रम कसा आखावा, हे सातवीच्या मुलीला कळणार नाही, मान्य. पण काही गोष्टी फक्त तिलाच कळतात. गणिताच्या बाई दहा उदाहरणं देतात, त्याच दिवशी मराठीचे सर निबंध देतात आणि विज्ञानाची वही तपासायला दुसऱ्याच दिवशी हवी असते. प्रत्येकाचं ओझं वेगळं पाहिलं तर माफकच. तिन्ही एकत्र येतात ते मुलीच्या दप्तरात. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली म्हणून मुली दिवसभर पाणी कमी पितात, हेही शिक्षकांच्या खोलीत बसून दिसत नाही. ही माहिती मुलांकडूनच मिळते, आणि ती मिळाली तर शाळेचाच फायदा होतो.

वर्गाला मॉनिटर आहे, मग सभा कशाला, असंही काही जण विचारतात. मॉनिटर बहुतेक वेळा शिक्षकांचा निरोप मुलांपर्यंत नेतो. मुलांचं म्हणणं उलट दिशेनं क्वचितच जातं.

धोका आहे तो वेगळाच. रॉजर हार्ट या अभ्यासकानं 1992 मध्ये मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, अशा त्या तीन. पाहुणे आले की पाठ केलेलं भाषण म्हणणारी मुलं इथं बसतात. कधीच न उघडलेली सूचनापेटीही इथलीच. विचारून काहीच होत नाही, हे एकदा कळलं की मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

म्हणून वर्गसभा बंद करा असं शाळेला सांगू नका. पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा, की मुलांनी मांडलेले मुद्दे वहीत लिहिले जातात का आणि जे मान्य होत नाही त्याचं कारण मुलांना सांगितलं जातं का. कारण सांगितलं जात असेल, तर मुलीला शनिवारी बिनधास्त बोलू द्या.