बॅटरीवाचून नभोवाणी

ज्यास बॅटरी लागत नाही, भिंतीतील विजेशी ज्याचा काडीचाही संबंध नाही, असे एक बोलणारे यंत्र आमच्या विद्यार्थ्यांनी या सुटीत स्वतःच्या हातांनी तयार करावे, अशी आमची इच्छा आहे. त्यास क्रिस्टल सेट म्हणतात. पालकांस हा कालापव्यय वाटण्याचा संभव आहे. हातातील मोबाइलवर वाटेल ते गाणे ऐकू येत असता एखाद्या केंद्राचे क्षीण बोलणे ऐकण्यासाठी मुलाने चार दिवस तारा गुंडाळीत का बसावे? पण मोबाइल उघडून पाहिला तरी तो कसा बोलतो हे मुलास कळत नाही. या सेटात झाकलेले असे काहीच नाही.

प्रथम तो चालतो कशावर ते पाहू. नभोवाणी केंद्राच्या मनोऱ्यातून निघालेल्या लहरी सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावतात. जी लहर सेकंदास १० लक्ष कंप पावते तिची लांबी म्हणून ३०० मीटर भरते. छपरावर ताणलेल्या तारेत अशी लहर अत्यल्प विद्युत्प्रवाह उत्पन्न करते, आणि हेडफोनमधील पडदा हलविण्याचे सारे काम तेवढ्या प्रवाहावरच होते. म्हणजे दूरचे केंद्र केवळ शब्दच धाडीत नाही, ते ऐकण्यास लागणारी शक्तीही तेच धाडते!

परंतु तारेवर अनेक केंद्रांच्या लहरी एकदम येतात. त्यांतून एक निवडण्यासाठी अडीच इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर २४ नंबरच्या एनॅमल तारेचे सुमारे ७० वेढे घ्यावेत. पन्नास फूट तार पुरते. दर दहा वेढ्यांनंतर तारेचा एक पीळ बाहेर काढून त्यावरील एनॅमल खरडावे. या वेटोळ्याच्या दोन टोकांस जुन्या रेडिओतील गँग कंडेन्सर जोडावा. झोपाळ्यास त्याच्या स्वतःच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो. त्याप्रमाणे वेटोळे व कंडेन्सर यांची लय ज्या लहरीशी जुळते तीच येथे बलवान होते. कंडेन्सर फिरविणे म्हणजे ही लय बदलणे.

आता खरी अडचण येते. सेकंदास १० लक्ष वेळा मागेपुढे होणाऱ्या प्रवाहाबरोबर हेडफोनचा पडदा हलू शकत नाही. सायकलच्या ट्यूबचा व्हाल्व्ह हवा आत घेतो, परत सोडीत नाही. तसे प्रवाहास एकाच दिशेने जाऊ देणारे काहीतरी हवे. पूर्वी हे काम गॅलिना या शिशाच्या खनिजाचा खडा करी. त्यावर बारीक तारेचे टोक टेकवून चांगला बिंदू शोधावा लागे. अशा गॅलिनाच्या ग्राहकासाठी आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला व १९०४ साली ते त्यांस मिळाले. कलकत्त्याच्या सेंट झेवियर कॉलेजात फादर लाफों यांनी त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लावली होती, हे आमच्या वाचकांस वाचून आनंद होईल.

आज खड्याऐवजी जर्मेनियमचा डायोड लावावा. दुकानदार सिलिकॉनचा देऊ लागला तर घेऊ नये. सिलिकॉनला वाहू लागण्यास सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, आणि आपल्या तारेवर तेवढे क्वचितच असतात. जर्मेनियम सुमारे ०.२ व्होल्टवरही काम देतो. हेडफोनही २००० ओहम किंवा त्याहून अधिक रोधाचा असावा. मोबाइलबरोबर मिळणारा येथे मुकाच राहतो.

छपरावरची तार पन्नास-साठ फूट लांब व शक्य तितकी उंच असावी. विजेच्या तारांच्या जवळून किंवा वरून ती कदापि नेऊ नये, आणि चढविताना वडील माणूस जवळ असावे. दुसरी तार जमिनीत पुरलेल्या धातूच्या सळईस जोडावी. वळवाचे ढग दिसू लागण्यापूर्वीच सेट सोडवून छपरावरची तार थेट या सळईस जोडून ठेवावी; गडगडाट सुरू झाल्यावर तारेस हात लावणे जिवावर बेतेल.

एफ. एम. केंद्रांसाठी हा सेट नव्हे; त्यास मध्यम लहरींचे केंद्र हवे. मुंबईत असे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती. पुढे मोठी केंद्रे झाली. पण आता युरोपात ती बंद पडत चालली आहेत. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकने २०१५ च्या अखेरीस मध्यम लहरींस निरोप दिला. ज्यांच्या गावाजवळ असे केंद्र चालू आहे त्यांनी म्हणून पुढच्या सुटीची वाट पाहू नये.

सेट बोलू लागला की डायोड काढून एक गंमत करावी. १९४४ साली इटलीत आंझिओ येथे खंदकातील सैनिकांनी दाढीच्या निळसर पात्यावर पेन्सिलीचे शिसे सेफ्टी पिनेने टेकवून नभोवाणी ऐकली होती. पाते लाकडावर पक्के बसवावे, शिसे अगदी हलके टेकवावे व केसाएवढे सरकवीत जावे. पुष्कळ वेळ काहीच ऐकू येत नाही. मग एकदम कोणीतरी बोलू लागते, आणि जवळून कोणी चालत गेले तरी ते नाहीसे होते.