संत्र्याच्या पानाखाली

सातपुड्याच्या पायथ्याशी वऱ्हाडचा जो प्रदेश पसरला आहे, त्यातील वरूड, मोर्शी, अचलपूर व चांदूर बाजार हे तालुके संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. अकोटकडेही अशा बागा दृष्टीस पडतात. हिरव्यागार पानांतून डोकावणारी केशरी फळे पाहून वाटसरू क्षणभर थबकतो. परंतु एखाद्या वर्षी ह्याच बागेची कळा पालटते. पाने, फांद्या, फळे, सारे काही काजळी फासल्यासारखे काळे होते. काळवंडलेल्या फळास बाजारात भाव येत नाही आणि पुढील बहारास फुलेही थोडीच येतात. वर्षानुवर्षे पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली झाडे अशी झालेली पाहून शेतकऱ्याच्या काळजाचे पाणी व्हावे, ह्यात नवल नाही. वऱ्हाडात ह्या रोगास 'कोळशी' म्हणतात.

कोळशी म्हणजे एक प्रकारची बुरशी होय. मात्र गंमत अशी, की ही बुरशी पानातून अन्न घेत नाही. ती वाढते पानावर सांडलेल्या एका गोड, चिकट द्रवावर. मग हा द्रव तेथे सांडतो कोण? त्याचे उत्तर पानाच्या खालच्या बाजूस सापडते. तेथे काळे, चकचकीत, खसखशीपेक्षाही बारीक ठिपके चिकटून बसलेले दिसतात. ती काळ्या माशीची पिले होत. ती पानातील रस अखंड शोषतात आणि अंगी न लागलेला गोड भाग बाहेर टाकतात. तो खालच्या पानांवर पडतो, त्यावर बुरशी धरते आणि सूर्यप्रकाश अडल्यामुळे पानांना अन्न तयार करता येत नाही. झाडाची अशी दुहेरी उपासमार होते. तेव्हा पानावरची काजळी कितीही पुसली, तरी जोवर पानाखालचा चोर मोकळा आहे, तोवर ती पुन्हा येणारच.

काळी माशी हे नाव तसे फसवे आहे. घरात घोंगावणाऱ्या माशीस दोन पंख असतात, हिला चार. हिचे खरे नाते मावा व तुडतुडे ह्यांच्या कुळाशी आहे. मादी कोवळ्या पानाच्या खाली चक्राकार ओळीत अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिलू थोडेसे सरकते, मग एका जागी सोंड रोवून बसते आणि मोठे होईपर्यंत तेथून हलत नाही. पिलू वाढून कोशात गेले, की त्याचे कवच टणक होते व औषधाचा त्याजवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून कीड केव्हा कोणत्या अवस्थेत असते, हे ठाऊक असणे फार महत्त्वाचे ठरते.

हे काम संशोधकांचे. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी जन्मलेले व पुढे भारताचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांचे नाव त्यास दिलेले आहे. नागपुरासही लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनासाठी १९८५ साली राष्ट्रीय केंद्र उघडण्यात आले. विदर्भात काळ्या माशीच्या वर्षातून तीन पिढ्या होतात आणि त्या आंबिया, मृग व हस्त ह्या तीन बहारांच्या नव्या पालवीशी जुळलेल्या असतात, असे अभ्यासान्ती दिसून आले. सुमारे निम्मी अंडी फुटली, म्हणजे पहिली फवारणी करावयाची आणि पंधरा दिवसांनी दुसरी. तीही पानाच्या खालच्या बाजूस पोहोचेल अशी. ह्यासाठी घरच्या घरी निंबोळीचा अर्कही करता येतो. झाडे दाट लावू नयेत व नत्राचे खत बेसुमार देऊ नये, हेही तितकेच आवश्यक आहे.

ह्या किडीची एक विलक्षण हकीकत दूरच्या मेक्सिको देशात घडली. १९३५ साली ही माशी तेथे प्रथम आढळली आणि हां हां म्हणता बागांमागून बागा काळ्या पडू लागल्या. औषधांवर पैसा पाण्यासारखा खर्च होऊनही ती आटोक्यात येईना. अखेर शास्त्रज्ञांनी विचार केला, की ही कीड मूळची आशियातील. तिचा वैरीही तेथेच असला पाहिजे. १९४९-५० च्या सुमारास भारत व पाकिस्तानातून काही चिमुकल्या गांधीलमाश्या तिकडे नेण्यात आल्या. त्या लांबीने एक मिलिमीटरही भरत नाहीत! त्यांची मादी काळ्या माशीच्या पिलात अंडे घालते, त्यातील अळी त्या पिलास आतून खाऊन टाकते आणि वाढ पुरी झाल्यावर त्याच्या पाठीस वाटोळे भोक पाडून नवी गांधीलमाशी बाहेर पडते. थोड्याच वर्षांत मेक्सिकोतील बागा पुन्हा हिरव्या झाल्या.

असे मित्र वऱ्हाडातील बागांतही वावरत असतात. पण उतावळेपणाने मारलेल्या जहाल औषधाने शत्रूच्या आधी तेच मरतात. मग दुसरेच संकट उभे राहते. 'लाल्या' ह्या नावाने ओळखला जाणारा कोळी फळाची साल खरवडून तिच्यावर तांबूस डाग पाडतो. हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात, कोळ्याच्या जातीस बहुधा आठ; आणि ह्या बारीक कोळ्यास तर चारच! साध्या डोळ्यांस तो दिसत नाही. त्यास खाणारे दुसरे कोळी असतात व तेही औषधाने बळी पडतात. म्हणूनच जाणता बागाईतदार पंप खांद्यावर घेण्यापूर्वी भिंग घेऊन बागेत जातो, चारी बाजूंच्या डहाळ्यांची पाने उलटून पाहतो, आणि काळ्या ठिपक्यांच्या पाठीवर वाटोळी भोके किती आहेत, हे आधी मोजतो.